खांद्यावरची खूण

प्राचीन रोममधील नागरिकाचा टोगा नुसताच अंगाभोवती गुंडाळलेला असे. परंतु पहाऱ्यावर उभ्या असलेल्या शिपायाला वस्त्र सावरीत बसणे कसे परवडावे? त्याचे जाड लोकरीचे प्रावरण उजव्या खांद्यावर धातूच्या एका पिनेने अडकविलेले असे. त्यामुळे शस्त्र धरणारा हात मोकळा राही. या पिनेला लॅटिनमध्ये ‘फिब्युला’ म्हणत. पायाच्या नडगीशेजारील बारीक हाडाला शरीरशास्त्राने हेच नाव दिले, ते त्याच्या आकारावरून.

तिची घडण साधी होती. कमानीसारखी पाठ, एका टोकाला स्प्रिंग किंवा बिजागरी, तेथून निघालेली सुई आणि दुसऱ्या टोकाला ती अडकविण्याची खाच. १८४९ साली अमेरिकेत वॉल्टर हंट यांनी सेफ्टी पिनेचे पेटंट घेतले, तिचेही तत्त्व हेच. पहिल्या शतकातील कित्येक पिनांवर ‘औकिस्सा’ असे नाव उमटविलेले आढळते. ते बहुधा कारागिराचे असावे.

पुढे या उपयोगी वस्तूला मानाचे स्थान मिळाले. चौथ्या शतकात आडव्या धनुष्याच्या आकाराची, तीन गोंड्यांची पिन सेनाधिकाऱ्यांची आणि राजसेवकांची खूण ठरली. ती सोन्याची असली, तर धारकाचा दर्जा दुरूनच कळे.

इटलीतील मोंझा येथील कॅथीड्रलच्या खजिन्यात इ. स. ४०० च्या सुमाराची एक हस्तिदंती जोडपाटी आहे. तिच्यावर भाला आणि ढाल घेतलेला एक सेनानी कोरलेला असून त्याच्या उजव्या खांद्यावर तशीच पिन आहे. तो स्टिलिको असल्याचे सामान्यतः मानले जाते. त्याचा पिता व्हँडल जमातीचा; तो स्वतः मात्र पश्चिम रोमन साम्राज्याचा सरसेनापती झाला. पोशाखाने, पदाने आणि पराक्रमाने तो रोमनच होता. तथापि दरबारी संशयाला त्याचे कूळ तेवढे आठवले. इ. स. ४०८ मध्ये सम्राट होनोरियसच्या आज्ञेने त्याचा वध झाला. पाठोपाठ रोमन सैनिकांनी परकीय शिपायांच्या बायकामुलांची कत्तल केली. ते हजारो शिपाई गॉथ राजा अलारिकला जाऊन मिळाले आणि ४१० साली त्याच अलारिकने रोम लुटले.

परक्याच्या खांद्यावर आपली खूण लावण्याचे औदार्य रोमने दाखविले होते. त्या खुणेवर विश्वास ठेवणे मात्र त्याला अखेरपर्यंत साधले नाही.