मण्याचे मोल कोणाच्या हाती?



ग्रामोद्योगाचा विषय निघाला की दोन मते हमखास ऐकावयास मिळतात. एक पक्ष त्यास मागासलेपणाचा अवशेष म्हणतो, दुसरा पवित्र परंपरा म्हणून हात जोडतो. कारागिराच्या हाताकडे मात्र दोघेही पाहत नाहीत. पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात क्रोबो लोक भट्टीत काचेचे मणी घडवितात. त्या उद्योगाची हकीगत या दृष्टीने उद्बोधक आहे.

त्यांचा कच्चा माल म्हणजे फेकून दिलेल्या बाटल्या. त्या लोखंडी उखळात कुटावयाच्या, पूड चाळावयाची, हवा तो रंग मिसळावयाचा. मातीच्या साच्याला आतून पांढऱ्या चिनी मातीचा लेप देतात, म्हणजे काच चिकटत नाही. आपल्याकडे ज्या कंदापासून साबुदाणा होतो, त्या कसाव्याच्या पानाचा देठ साच्यातील प्रत्येक खळग्यात उभा करून भोवती पूड भरतात. वारुळाच्या मातीच्या भट्टीत काचेचे कण एकजीव होतात. देठ जळून जातो आणि ओवण्यासाठी भोक उरते. आच कमी पडली तर मणी ठिसूळ राहतो, जास्त झाली तर रंगांच्या रेघा विसकटतात. योग्य क्षण कारागीर अनुभवाने ओळखतो. शेवटी वाळू व पाणी घेऊन दगडावर घासले की मणी गुळगुळीत होतो. मुलींच्या वयात येण्याच्या 'दिपो' विधीत या मण्यांना मानाचे स्थान आहे.

याच किनाऱ्यावर १४८२ मध्ये पोर्तुगीजांनी एल्मिनाचा किल्ला बांधला. पुढील शतकांत युरोपातून, विशेषतः व्हेनिसहून, काचेचे मणी जहाजे भरभरून आले. मोबदल्यात सोने, हस्तिदंत आणि गुलाम म्हणून माणसे नेली गेली. काचेला भुलून सोने देणारा भोळा आफ्रिकी, ही कथा त्या व्यापाराच्या समर्थनार्थ रचली गेली. वस्तुस्थिती निराळी आहे. नायजेरियातील इफे येथील उत्खननावरून सिद्ध झाले आहे की, युरोपीय जहाजे येण्यापूर्वीच तेथे स्थानिक द्रव्यांपासून काच तयार होत होती व तिचे मणी घडविले जात होते. लुटारूंनी माल नेला आणि ज्ञानाची नोंदही पुसली.

१९५७ मध्ये घाना स्वतंत्र झाला. परंतु राजकीय स्वातंत्र्याने कारागिराचा प्रश्न आपोआप सुटत नाही. भट्टी, साचा व उखळ त्याच्या मालकीचे असले, तरी बाजार त्याच्या मालकीचा नाही. काचेची पूड त्याच्या छातीत जाते, भट्टीची धग तो सोसतो, आणि दूरच्या शहरातील दुकानात त्याच मण्याला चढणारी किंमत त्याच्या हाती येत नाही. त्यातच बाहेरून येणारी स्वस्त नक्कल त्याचा भाव पाडते.

म्हणून कार्यकर्त्यांनी कोणत्याही कारागिराच्या दारी जाताना तीन प्रश्न बरोबर न्यावेत. साधने कोणाची आहेत? विक्री कोणाच्या हाती आहे? धूळ आणि धग कोणाच्या वाट्याला येते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक असले तरी उरलेल्या दोहोंवाचून ते अपुरे आहे. सहकारी विक्री, धुळीपासून संरक्षण आणि कमी इंधनाची भट्टी या मागण्या त्यातूनच निघतात. कारागिरीचा गौरव करणाऱ्याने प्रथम या मागण्यांच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.