आवाजाचे बटण आणि सोळा ठोक्यांचा हुकूम



जुन्या रेडिओचे आवाजाचे बटण आतून कसे असते, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. नालाच्या आकाराची एक काळी पट्टी असते, तिच्यावर कार्बनचा थर असतो, आणि बटण फिरवले की एक पितळी काटा त्या पट्टीवरून सरकतो. काटा या टोकाला नेला की आवाज मोठा, त्या टोकाला नेला की लहान. यालाच पोटेन्शिओमीटर म्हणतात. आमच्या सोयगावच्या उन्हाळ्यात त्या पट्टीवर धूळ बसते, आणि मग बटणाला हात लावताच बातम्यांपेक्षा खरखरच जास्त ऐकू येते!

आता हेच बटण नखाएवढ्या चिपमध्ये आले आहे. तिला फिरवायला बोट चालत नाही, हुकूम पाठवावा लागतो. मायक्रोचिप कंपनीची एम.सी.पी. ४१०१० ही चिप घ्या. हिच्यात दहा किलोओहमचा रोध असून त्यावर काट्याच्या २५६ जागा आहेत, शून्य ते २५५. कोणत्या जागी जायचे, ते आपण तिला एकाच तारेवरून, एकामागून एक अंक पाठवून सांगायचे. अंक दोनच, शून्य आणि एक.

तुम्ही म्हणाल, एका तारेवरून आलेल्या अंकांची रांग चिपला कळते कशी? पत्रावरचा पिनकोड आठवा. श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाच्या योजनेतून तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. आपल्याकडचा पिनकोड ४३१ ने सुरू होतो. तेच तीन अंक उलटे, १३४ असे लिहा, की पत्र हरियाणात अंबाल्याकडे निघाले! अंक तेच, पण कितव्या जागी कोणता, यावर सारे अवलंबून.

चिपचा हुकूम सोळा अंकांचा असतो. पहिले आठ म्हणजे काय करायचे, पुढचे आठ म्हणजे काटा कुठे न्यायचा. पहिले आठ असे लिहितात : ०००१०००१. यातले पहिले दोन अंक चिप बघतही नाही. नंतरचे ०१ म्हणजे ‘नवी जागा घे’. पुन्हा दोन वाया. शेवटचे ०१ म्हणजे ‘पहिल्या रोधासाठी’. हिची बहीण ४२०१० हिच्या पोटात दोन रोध असतात, म्हणून ही शेवटची जोडी ठेवावी लागली. काटा ६४ व्या जागी न्यायचा, तर पुढचे आठ अंक ०१०००००० असे. हेच आठ चुकून उलट्या क्रमाने गेले, तर चिप ०००००० १० वाचते, म्हणजे दोन. आणि आवाज जवळजवळ बंदच होतो. मग बिचारा मुलगा स्पीकर खोलून बसतो.

अंकांच्या तारेशेजारी आणखी दोन तारा असतात. एक निवडीची, ती खाली आणली की चिप कान टवकारते. दुसरी ठोक्याची, तिचा प्रत्येक ठोका वर चढताना चिप एक अंक टिपून घेते. सोळा ठोके झाले की निवडीची तार वर न्यायची, त्याच क्षणी काटा हलतो. पंधराच ठोके पडले तर? चिप तो सगळा हुकूम टाकून देते. अर्धवट ऐकून भलतेच करण्यापेक्षा हे मला फार शहाणपणाचे वाटते.

शिक्षकांनी हे वर्गात चिपशिवायही करून दाखवावे. एका मुलाने बाकावर ठोके द्यावेत, दुसऱ्याने प्रत्येक ठोक्याला हात वर किंवा खाली धरावा, तिसऱ्याने पाटीवर एक किंवा शून्य लिहावे. मधेच एक ठोका चुकवा, म्हणजे पाटीवरची संख्या कशी बिघडते ते पोरांना आपोआप कळेल.

प्रत्यक्ष जोडणी करणाराने मात्र जपावे. या रोधातून एक मिलिअँपिअरच्या वर प्रवाह जाऊ देता येत नाही. तेव्हा पंख्याचा रेग्युलेटर म्हणून किंवा स्पीकरच्या तारेत ही चिप घालू नये, घरच्या विजेजवळ तर मुळीच नाही. तिची जागा ॲम्प्लिफायरच्या आधी. वीज आली की काटा नेहमी मधोमध, १२८ वर उभा राहतो. मागची जागा चिप विसरलेली असते. शाळेच्या भोंग्याला ती लावली असेल, तर वीज येताच पहिला हुकूम लहान आकड्याचाच पाठवावा, नाहीतर प्रार्थनेआधीच पोरे दचकायची. लक्षात राहायलाच हवे, तर एक्स ९ सी १०३ ही दुसरी चिप आहे. तिच्या जागा शंभरच, ती सोळा अंक वाचत नाही, एकेका ठोक्याला एक पायरी वर किंवा खाली जाते. पण सांगितल्यास वीज गेल्यावरही आपली जागा जपून ठेवते.

एक गंमत राहिली. काटा १२८ वर आणला म्हणजे आवाज निम्मा झाला, असे आपल्या कानाला वाटत नाही. थोडासाच कमी झाला, असे वाटते. म्हणून समान पायऱ्या न घेता २५५, १८०, १२७, ९०, ६४, ४५ अशा उतरत्या पायऱ्या घ्याव्यात. मग आवाज जुन्या बटणासारखा, सावकाश आणि सारखा उतरत जातो.