रोहिणीच्या भिंतीची कैफियत



अध्यक्षाने आरंभी आपल्या अपात्रतेचा पाढा वाचावा आणि निवड करणाऱ्यांच्या औदार्याचे आभार मानावेत, हा प्रघात मला मान्य आहे. परंतु अवधी अल्प आणि विषय अवाढव्य असल्याने ते सोपस्कार पार पडले असे समजून मी थेट रोहिणीविलेपी विकाराकडे, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या अ‍ॅथेरोस्क्लेरोसिसकडे, वळतो.

रुग्णाला समजावताना आपण सारेच सांगतो की नळाच्या पाइपात क्षार साचावा तशी रक्तवाहिनीत चरबी साचते. हा दाखला सोयीचा आहे, आणि सपशेल खोटाही आहे. क्षार पाइपाच्या पृष्ठभागावर बसतो आणि पाइप बिचारा स्वस्थ असतो. रोहिणीत जे घडते ते पृष्ठभागाखाली, भिंतीच्या पोटात घडते आणि त्या कामात भिंतीच्या पेशी स्वतःच सामील असतात.

विकार पृष्ठभागावरचा की भिंतीतला, हा वाद जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ रोकितान्स्की हे रक्तातील द्रव्यांचे थर आतल्या अस्तरावर चढतात असे प्रतिपादन करीत होते, तर जर्मनीचे फिर्खो भिंतीतील दाहाकडे बोट दाखवीत होते. पुढे 1913 साली सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय अनिच्कोव आणि सेमियोन खालातोव या तरुणांनी शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांना चारले आणि त्यांच्या महारोहिणीत माणसाच्या विकाराशी मिळतेजुळते विलेप उमटवून दाखवले. उंदीर व कुत्रे यांच्यावर तसा परिणाम दिसेना, ससा तर जन्माचा शाकाहारी, असा आक्षेप निघाला आणि हे अमोल संशोधन कित्येक दशके दप्तरी दाखल होऊन पडले. आक्षेप अगदीच गैरवाजवी नव्हता. पण आक्षेपात खरे असलेले थोडे पाहून मूळ सिद्धांतच नामंजूर करण्याची घाई विद्वानांना नेहमीच होते.

आता भिंतीत शिरू. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एलडीएलचा कण, ज्याचा व्यास अवघा वीस-बावीस नॅनोमीटर, अंतःस्तराच्या एकेरी पेशीपटलातून आत उतरतो आणि तेथील प्रोटिओग्लायकनच्या जाळ्यात अडकून राहतो. अडकल्यावर त्याचे ऑक्सिडीकरण होते, वरच्या पेशी आपल्या अंगावर चिकट रेणू उभारतात, आणि रक्तातून वाहत चाललेल्या श्वेतपेशी त्यांना धरून आत येतात व भक्षक पेशी बनतात. येथे एक विलक्षण गोष्ट घडते. गोल्डस्टाइन आणि ब्राउन यांनी एलडीएल पेशीत ओढून घेणाऱ्या ज्या ग्राहीचा शोध लावला, आणि ज्यासंबंधीच्या कार्याबद्दल त्यांना 1985 साली नोबेल पारितोषिक मिळाले, तो ग्राही पेशीची गरज भागताच आपले दार मिटू लागतो. परंतु भक्षक पेशी ज्या निराळ्या ग्राहींनी हा बिघडलेला एलडीएल गिळते, त्यांना ‘पुरे’ असे फर्मान सोडणारा कोणी नसतो. ती खात राहते, फेसाळ होते, अखेर तेथेच मरते, आणि तिच्यातील मेद मागे उरतो. मधल्या थरातील स्नायुपेशी मग वर सरकून या मेदाच्या साठ्यावर कोलॅजेनची टोपी विणतात.

हे सर्वत्र सारखे होत नाही. जेथे रोहिणी दुभंगते किंवा वळते आणि प्रवाह विस्कळीत होतो, तेथे विलेप हटकून सापडतो. छातीच्या आतल्या बाजूने जाणारी स्तनरोहिणी मात्र बहुधा निर्मळ राहते, म्हणून तर शल्यविशारद बायपाससाठी तिला पसंती देतात.

शवविच्छेदनाच्या टेबलावर पोटातील महारोहिणी उभी चिरून धुऊन पाहावी. कोवळ्या देहात पिवळसर रेघा असतात, बोट फिरवले तरी जेमतेम जाणवणाऱ्या. उतारवयात टणक पांढरट उंचवटे असतात, आणि सुरीचे टोक लावताच त्यांतून स्निग्ध, रवाळ लगदा बाहेर येतो, ज्यातले कोलेस्टेरॉलचे स्फटिक दिव्याखाली चकाकतात. हा केवळ वार्धक्याचा मामला नव्हे: कोरियाच्या युद्धात पडलेल्या 300 अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी 1953 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा सरासरी 22 वर्षांच्या त्या तरुणांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिकांच्या हृदयरोहिण्यांत विकाराच्या कमीअधिक खुणा निघाल्या. आपल्या उपखंडात तर पहिला हृदयविकाराचा झटका इतर देशांच्या मानाने कित्येक वर्षे आधी येतो, हे 2004 च्या इंटरहार्ट पाहणीने दाखवून दिले आहे.

झटका येतो तो बहुधा टोपी फाटल्याने. भक्षक पेशींची विकरे कोलॅजेन कुरतडतात, पातळ टोपी तडकते, आतला लगदा रक्ताला भेटतो आणि गुठळी धरते. अशी तडकणारी जागा पूर्वी फारशी अरुंद झालेली असतेच असे नाही. कारण सेमूर ग्लागोव यांनी 1987 साली दाखवल्याप्रमाणे विलेप वाढू लागला की रोहिणी बाहेरच्या अंगाने फुगते, आणि त्याने भिंतीच्या घेऱ्यातील सुमारे 40 टक्के क्षेत्र व्यापेपर्यंत आतला मार्ग शाबूत राहू शकतो. अँजिओग्राफी ही त्या मार्गाची छाया दाखवते. भिंतीची जबानी ती घेत नाही. तरीही आपण ‘रोहिण्या निर्दोष’ असा शेरा मारून रुग्णाला घरी पाठवतो, आणि तो सुटकेचा निकाल समजून त्याच संध्याकाळी पुन्हा विडी शिलगावतो.

यास्तव उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे, की अशा अहवालात ‘मार्गात अडथळा आढळला नाही’ एवढेच नमूद करावे आणि रुग्णाचे कोलेस्टेरॉल, रक्तदाब, साखर व तंबाखूचा तपशील त्याच पानावर लिहावा. मसुद्याच्या प्रती प्रवेशद्वारापाशी ठेवल्या आहेत. दुरुस्त्या आज रात्रीपर्यंत चिटणिसांकडे लेखी द्याव्यात.