एक आंबट घोट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



व्याख्यानासाठी विषय कळवावा, असे चिटणीसांचे पत्र आले तेव्हा मी ‘ब्रसेल्समधील एक अनुभव’ एवढेच मोघम कळविले होते. तो मोघमपणा हेतुपुरस्सर होता, हे आता कबूल करतो. आजचा विषय बिअर हा आहे. तीही साधी बिअर नव्हे. लाकडी पिंपात दीड-दोन वर्षे मुरविलेली, मग फळांवर पुन्हा आंबविलेली आणि चवीला कच्च्या कैरीच्या तोडीची. पहिल्या रांगेतील काही वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटलेली मला दिसते आहे. त्यांना माझी विनंती इतकीच, की शेवटपर्यंत ऐकावे आणि मग रागवावे.

माझी नोकरी केंद्र सरकारच्या सीमाशुल्क आणि उत्पादन शुल्क खात्यातील. पुष्कळांचा असा समज असतो की, उत्पादन शुल्क म्हणजे दारूचे खाते. वस्तुतः मानवी सेवनाच्या मद्यावरील अबकारी कर आपल्या राज्यघटनेने राज्यांकडे सोपविलेला आहे. आमच्याकडे ते येते ते केवळ परदेशातून बंदरावर उतरते तेव्हा. ब्रसेल्स येथे जागतिक सीमाशुल्क संघटनेचे मुख्यालय आहे. १९५२ साली सीमाशुल्क सहकार परिषद म्हणून ती कामाला लागली आणि १९९४ पासून आजच्या नावाने ओळखली जाते. जगातल्या यच्चयावत मालाला शीर्षक-क्रमांक देण्याचे काम तेथे चालते. अशाच एका बैठकीसाठी २०१८ च्या मार्चमध्ये मी तेथे गेलो होतो. माल्टपासून केलेल्या बिअरचे शीर्षक २२०३ आणि इतर आंबविलेल्या पेयांचे २२०६, हे मला झोपेतही सांगता आले असते. मात्र त्या दोन आकड्यांपलीकडे बिअरविषयी मला काहीही ठाऊक नव्हते. ते का, हेही सांगितले पाहिजे.

माझे थोरले बंधू १९८९ साली दारूपायी गेले. ते फार हुशार होते, हाताने उदार होते. पण शेवटच्या तीन वर्षांत घरी येत तेव्हा त्यांच्याआधी त्यांचा वास येई. गोडसर, आंबूस वास. दादांच्या तेराव्यानंतर आईने मला देवघरासमोर बसविले आणि थेंबालाही शिवणार नाही, असे वचन घेतले. त्या वेळी मी नुकताच बी. ए. झालो होतो. हे वचन मी एकोणतीस वर्षे पाळले. खात्यातील मेजवान्यांत लिंबाचे सरबत घेऊन उभा राहणारा अधिकारी म्हणून माझी थट्टाही पुष्कळ झाली.

बैठकीला जोडून एक शनिवार मोकळा आला. बेल्जियन सीमाशुल्क खात्यातून निवृत्त झालेले एक फ्लेमिश गृहस्थ माझ्या ओळखीचे झाले होते. त्यांनी मला एक कारखाना पाहण्याचे आमंत्रण दिले. मी पीत नाही, असे सांगितल्यावर ते म्हणाले, “पिऊ नका, पाहा. ते संग्रहालयच आहे.” ते खोटे नव्हते. आंदरलेक्त या भागातील कांतियों नावाचा हा कारखाना १९०० सालापासून एका कुटुंबाच्या हातात आहे आणि १९७८ पासून तो संग्रहालय म्हणूनही लोकांना खुला आहे. मिदी रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका साध्या गल्लीत. बाहेरून पाहिले तर एखादी जुनी वखार वाटावी.

दार उघडताच वास आला, आंबूस. माझे पाय उंबऱ्यावरच थांबले. तीस वर्षांपूर्वीचा आमच्या घराचा ओटा डोळ्यांपुढे उभा राहिला. फ्लेमिश मित्राला हे काही कळले नाही; ते पुढे निघून गेले होते. मी मागोमाग गेलो आणि दहा-पंधरा पावले चालल्यावर ध्यानात आले की, हा वास तो नव्हे. यात ओले लाकूड होते, जुन्या फडताळाचा दमटपणा होता, उन्हात वाळलेले गवत होते आणि कोठेतरी पिकलेले फळ होते. दादांच्या वासात यांतले काहीच नव्हते.

या पेयाची कृती मी जरा सविस्तर सांगतो, कारण तिच्यात एक गोष्ट अशी आहे की ती आपल्या भगिनींना माझ्यापेक्षा अधिक चांगली उमगेल. सुमारे दोन तृतीयांश माल्ट, म्हणजे मोड आणून वाळविलेला जव, आणि एक तृतीयांश कच्चा गहू. हे पाण्यात शिजवून त्याचा गोड काढा करतात आणि हॉप्सची फुले घालून तो तासन् तास उकळतात. ही फुले ताजी नसतात, मुद्दाम दोन-तीन वर्षे जुनी केलेली असतात. जुनी झाल्यावर त्यांचा कडवटपणा ओसरतो, परंतु नको त्या जंतूंना आवरण्याचा गुण शिल्लक राहतो. इथवर सगळे कोणत्याही कारखान्यासारखे. यापुढे मात्र इतर कारखानदार जपून वाढविलेले यीस्ट त्यात घालतात, आणि येथे काहीच घालत नाहीत. उकळता काढा माळ्यावरच्या एका भल्या रुंद, उथळ तांब्याच्या परातीत ओततात, छपराची झरोकी उघडी ठेवतात आणि रात्रभर तसाच सोडून देतात. हवेत जे असेल ते त्यात उतरते. सकाळी तो पिंपांत भरतात. हे काम केवळ थंडीच्या महिन्यांत चालते. उन्हाळ्याच्या हवेत नको ते जंतू फार असतात.

आपल्यापैकी प्रत्येक घरात विरजणाची एक कथा आहे. गावाहून आणलेले विरजण येथल्या दमट हवेत निराळे लागते, इडली-आंबोळीचे पीठ येथे चार तासांत फुगते आणि दिल्लीच्या जानेवारीत दोन दिवस ढिम्म बसून राहते, हे आपण सारे अनुभवाने जाणतो. तेथील लोकांचेही म्हणणे हेच, की ही बिअर ब्रसेल्सच्या आणि तिच्या शेजारच्या सेन नदीच्या खोऱ्यातल्या हवेची आहे. ही सेन म्हणजे पॅरिसची नदी नव्हे. ही लहानशी, बिचारी, घाण आणि कॉलऱ्याच्या भीतीमुळे १८६७ ते १८७१ या काळात शहराच्या पोटात गाडली गेलेली. नदी दिसत नाही, तिच्या खोऱ्याचे नाव राहिले आहे.

पिंपांत जे घडते ते एखाद्या गावात एकामागून एक वस्त्या याव्यात तसे आहे. आरंभी काही आठवडे एका जातीचे जंतू, मग काही महिने साधे यीस्ट, जे साखरेचे मद्यार्क करते. त्यानंतर दह्यातल्या आम्लासारखे आम्ल निर्माण करणारे जीवाणू, आणि सर्वांत शेवटी ब्रेटॅनोमायसिस नावाचे एक सावकाश चालणारे यीस्ट. १९०४ साली डेन्मार्कमध्ये क्लॉसेन या संशोधकाला ते इंग्लंडच्या बिअरमध्ये सापडले, म्हणून त्याच्या नावात ब्रिटन आहे; ब्रसेल्सच्या पिंपात मिळालेल्या त्याच्या जातीला पुढे ब्रसेल्सचेच नाव मिळाले. मी इतिहासाचा पदवीधर. यातले विज्ञान वाचून सांगतो आहे, चूकभूल द्यावी घ्यावी. पिंपे बहुतांशी जुनी, पूर्वी द्राक्षाची दारू भरलेली असतात. त्यांवरची कोळ्यांची जाळी कोणी झाडत नाही. फळांवर येणाऱ्या चिलटांचा बंदोबस्त कोळी करतात. आमच्या कचेरीतल्या जाळ्यांविषयीही असेच काही कारण सांगता आले असते तर तपासणीच्या वेळी उपयोग झाला असता.

आता फळ. फ्लेमिश भाषेत आंबट चेरीला क्रीक म्हणतात, आणि त्याच नावाने ही बिअर ओळखली जाते. दीड-दोन वर्षे मुरलेल्या पेयात दर लिटरला सुमारे २०० ग्रॅम चेरी, आठळीसकट, घालतात. फळातली साखर मिळताच पिंपातले जंतू पुन्हा जागे होतात आणि ती खाऊन टाकतात. बाटलीत भरताना थोडे कोवळे पेय मिसळतात, म्हणजे बुचाखाली ते आणखी एकदा आंबून त्याला फेस येतो. ही चेरी पूर्वी शहराच्या उत्तरेकडच्या स्कारबेक या गावची. तेथले शेतकरी गाढवांवर टोपल्या लादून बाजारात येत, म्हणून स्कारबेकला आजही गाढवांचे गाव म्हणतात. शहर वाढले, बागा गेल्या, तेथे आता घरेच घरे आहेत. चेरीच्या त्या जातीला मात्र अजून स्कारबेकचीच म्हणतात, झाड कोठेही लावलेले असो.

हे सारे पाहून झाल्यावर आम्ही एका लाकडी टेबलाशी बसलो. वेताच्या टोपलीत आडवी निजवलेली बाटली आली. मित्राने स्वतःसाठी एक पेला भरला आणि दुसरा रिकामाच माझ्यापुढे ठेवला. आग्रह केला नाही. आग्रह केला असता तर मी नाही म्हणालो असतो, अशी माझी प्रामाणिक समजूत आहे.

पेला मीच पुढे केला.

मला त्याचे समर्थन करावयाचे नाही. दीड तास एका वस्तूविषयी ऐकून तिची चव न घेता उठणे हे वर्गीकरणाचे काम करणाऱ्या माणसाला नमुना न पाहता निकाल देण्यासारखे वाटले, असे मी पुढे स्वतःला सांगत असे; पण ते नंतर. त्या क्षणी केवळ घ्यावेसे वाटले.

रंग आमसुलाच्या सरबताचा, त्याहून थोडा उजळ. फेस गुलाबी, पाहता पाहता विरणारा. पहिल्या घोटाला जबडा आखडला. चिंचेचा कोवळा आकडा दाताखाली यावा तसे दात आंबले. मी गोडी शोधू लागलो, कारण फळ म्हटले की गोडी, ही आपली सवय. आणि ती कोठेच नव्हती, ती तर पिंपातल्या मंडळींनी केव्हाच फस्त केली होती. फळाचा केवळ वास उरला होता, एखादा माणूस खोलीतून गेल्यावर उरावा तसा. दुसऱ्या घोटाला आंबटपणाच्या मागे तुरटपणा आला, अर्धवट पिकलेल्या करवंदासारखा. तो लाकडाचा आणि सालीचा. आणि घोट उतरल्यानंतर, बऱ्याच उशिरा, कडू बदामाची अगदी पुसट चव. ती आठळीची, असे मित्राने सांगितले. त्यांचे आजोबा म्हणे असल्या आंबट पेल्यात साखरेचा खडा टाकून तो एका खास दांड्याने चेचत असत. तशी तेथल्या जुन्या खानावळींतली रीतच होती.

“कशासारखे लागले?” त्यांनी विचारले. मी इंग्रजी शब्द शोधले. इंग्रजीत आंबटाला एकच शब्द मला येत होता. आपल्याकडे आंबट आहे, आंबूस आहे, आंबटगोड आहे, आणि हे आंबटढाण होते. शेवटी मी तो मराठी शब्दच उच्चारला. त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला; ‘ढा’ काही त्यांना जमला नाही.

तिसरा घोट घेतला आणि पेला ठेवला. अर्ध्याहून अधिक शिल्लक होता. दादांना यातले काही ठाऊक असते का, असा विचार मनात आला. ते चव घेण्यासाठी कधीच पीत नव्हते. त्यांच्या बाटलीतल्या वस्तूला चव अशी नव्हतीच. ती लवकर घशाखाली जाण्यासाठीच केलेली होती. या पेयाचा घाईने घोट घेऊन पाहा, ते घेऊच देत नाही. पण म्हणून ते निरुपद्रवी आहे असे मी म्हणणार नाही. त्यातही पाच-सहा टक्के मद्यार्क असतो आणि पिणाऱ्याला तोही पुरतो.

बाटली मात्र मी आणली नाही. आणली असती तर ती २२०३ मध्ये घालावी की २२०६ मध्ये, हा प्रश्न उभा राहिला असता. सुटीच्या दिवशी मी मत देत नाही.

त्या रात्री घरी दूरध्वनी केला आणि सौभाग्यवतींना सर्व सांगितले. आमचा विवाह दादांच्या पश्चात झालेला. तिने त्यांना फोटोतच पाहिले आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, आई असत्या तर त्यांना सांगितलं असतंत?”

मी म्हणालो, “सांगितलं असतं. पण आधी त्यांच्या हातचं जेवून घेतलं असतं.”

“आणि लागलं कसं?”

“आंबटढाण.”

“मग साखर नाही का घालायची,” ती म्हणाली.