काळीवरचा कोबा



या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर, राज्यघटनेवर, नाट्यसंगीतावर व्याख्याने होतात. आम्ही आज फाटकापासून घराच्या पायरीपर्यंतच्या तीस फुटांविषयी बोलणार आहोत. विषय किरकोळ वाटेल. पण अमरावती-अकोल्याच्या ज्या नव्या वस्त्यांत आपल्यापैकी पुष्कळजण राहावयास गेले आहेत, तेथे एकदा चक्कर मारून पाहा. घर उभे आहे, रंग ताजा आहे, आणि मोटार आत नेण्यासाठी घातलेला काँक्रीटचा कोबा मात्र दोन पावसाळ्यांत मधोमध उलला आहे. कोठे त्याची कड उचलली आहे, कोठे तो पायरीपासून चार बोटे खाली खचला आहे. मालक म्हणतो, मिस्त्री चोर. मिस्त्री म्हणतो, सिमेंट वाईट. ठेकेदार फोन उचलत नाही. शेवटी बोल येतो तो घमेले वाहणाऱ्यावर. घमेले वाहणाऱ्यांची संघटना बांधण्यात आमचे आयुष्य गेले, म्हणून या तीस फुटांत आम्हांला रस आहे.

या मेजावर काचेच्या दोन नळ्या ठेवल्या आहेत, त्या मागच्या मंडळींनाही दिसत असतील. काल सायंकाळी आम्ही दोन्हींत शहराबाहेरच्या एका प्लॉटावरची वाळवून, कुटून, चाळलेली माती प्रत्येकी १० ग्रॅम घातली. एका नळीत रॉकेल ओतले, दुसरीत पाणी. रॉकेल आता शोधावे लागते, ते मिळविण्यातच अर्धा दिवस गेला! रॉकेलातली माती जेथे होती तेथेच बसली आहे. पाण्यातली मात्र दीडपटीहून वर आली आहे. सरकारी मानकांत दिलेली हीच परीक्षा आहे. रॉकेलातल्यापेक्षा पाण्यातली माती ५० टक्क्यांहून अधिक फुगली, तर ती बांधकामाला त्रासाची समजावी. प्लॉट घेताना आपण वास्तुशास्त्र पाहतो, उतारा पाहतो, रस्त्याची रुंदी पाहतो. ही नळी पाहणारा गृहस्थ आम्हांला अजून भेटावयाचा आहे.

आपल्या पूर्वजांना नळी ठाऊक नव्हती, पण काळी आणि पांढरी हा भेद पक्का ठाऊक होता. पांढरीवर गाव वसवावे, काळीत पीक काढावे. काळीवर घर बांधणारा माणूस त्यांच्या लेखी वेडा ठरला असता. काळा पाषाण हजारो वर्षे झिजून ही माती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे कण पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असून पाणी त्या पानापानांत शिरते आणि पुस्तक फुगते. वैशाखात पाणी निघून गेले की तीच माती आकसते आणि हात जाईल अशा भेगा पडतात. कपाशीला हा गुण वरदान आहे, कारण पावसाने दडी मारली तरी ओल खाली टिकते. आज काळीचे लेआउट पडले. कालपर्यंत जेथे पऱ्हाटी होती, तेथे आज फाटक आहे. मातीने मात्र आपला धर्म सोडलेला नाही.

मग घर का उभे राहते? एक तर घराचे ओझे मातीला दाबून धरते. दुसरे, जाणता अभियंता पाया खोल नेतो, किंवा खाली फुगवटा असलेले खांब जमिनीत साडेतीन मीटर वा अधिक उतरवितो, कारण ऋतूंबरोबर होणारी मातीची हालचाल वरच्या थरांतच असते. कोबा बिचारा त्या हलत्या थरावरच पहुडलेला. पाच इंच जाडीच्या कोब्याचे वजन चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भरते, आणि फुगणारी काळी चौरस मीटरला कित्येक टनांचा रेटा देऊ शकते. पावसाळ्यात पाणी बाजूंनी शिरते, कडा वर उचलल्या जातात. उन्हाळ्यात कडांची ओल उडते. मधली, कोब्याखाली झाकलेली, टिकून राहते. आता कडा खाली बसतात आणि मध्य वर राहतो. वर्षानुवर्षे असे वाकविल्यावर लोखंडाची पट्टीसुद्धा मोडेल. म्हणून भेग बहुधा लांबीच्या दिशेने, मधोमध पडते. तिला सिमेंटचा दोष म्हणणे अन्यायाचे आहे.

हे शहाणपण आम्ही पुस्तकातून शिकलो असे नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेच्या कचेरीपुढे आम्हीच कोबा घातला. गवंडी आमचे, बिगारी आमचे, सगळे श्रमदान. अक्षय्यतृतीयेचा मुहूर्त धरला. काळी जेमतेम वीतभर उकरली, रेतीचा थर पसरला आणि सकाळी अकरा वाजता काँक्रीट ओतावयास घेतले. बाहेर लू वाहत होती. माल घट्ट होतो म्हणून पाणी वाढवीत गेलो. पाणी मारण्याची पाळी लावली होती; तिसऱ्या दिवशी टँकरचा खर्च जड वाटू लागला आणि सगळेजण मोर्चाच्या तयारीला लागले. दुसऱ्या पावसाळ्यात कोब्यात मांजर बसेल एवढी फट होती. जे आम्ही ठेकेदारांना भाषणांतून सुनावीत होतो, ते सगळे आम्ही केले होते. एक वयस्क रेजा तेवढी म्हणाली होती, ‘भाऊ, रेती कायले टाकता? थे पानी धरते.’ तिचे कोणी ऐकले नाही, आम्हीही नाही.

ती बरोबर होती. रेतीतून पाणी सहज शिरते आणि काळीच्या खळग्यात साचून राहते; म्हणजे आपणच मातीला खालून पाणी पाजतो. येथे हवा मुरूम, आणि तोही नुसता खडा नव्हे, तर दाबल्यावर धरून बसणारा, किंचित चिकट, पण न फुगणारा. मुंबईच्या आयआयटीत डॉ. कट्टी यांनी यावर मोठे संशोधन केले. फुगणाऱ्या मातीवर अशा न फुगणाऱ्या चिकट मातीचा पुरेसा जाड थर दाबून बसविला, तर खालचा रेटा वर पोचत नाही, हे त्यांनी दाखविले. काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्यांच्या कामी हा उपाय आला. कालव्याला मीटरभर थर लागतो. घरच्या वाटेला दोन फूट काळी काढून मुरूम भरला, तर पुष्कळ निभते. तो सहा-सहा इंचांच्या थरांनी, प्रत्येक थर ओलावून, दुरमुसाने वा यंत्राने ठोकून भरावा आणि कोब्याच्या दोन्ही बाजूंना हातभर पुढे न्यावा. दोन फूट खणणे परवडत नसेल, तर वरच्या काळीत वजनाच्या ३ ते ५ टक्के चुना नीट मिसळून, भिजवून, ठोकून घ्यावी. चुन्याने तिचा फुगण्याचा स्वभाव बराच मवाळ होतो. या दोहोंपैकी काहीच करावयाचे नसेल, तर कोबा घालूच नये. नुसता मुरूम टाकावा आणि दर दोन वर्षांनी थोडी भर घालावी. त्यात कमीपणा नाही.

पाण्याला बाहेरची वाट दाखविणे हे निम्मे काम आहे. कोब्याला पन्नासास एक उतार घराकडून बाहेर द्यावा आणि कडेला पक्की नाली काढावी. कोब्याला खेटून गुलाबाचे वाफे करण्याची आपल्याकडे हौस फार. त्या वाफ्यांना रोज घातलेले पाणी एका कडेला माती फुगविते आणि दुसऱ्या बाजूचा कडुनिंब तेच पाणी शोषून घेतो. मग कोबा तिरपा झाला तर नवल ते काय?

काँक्रीटविषयी थोडक्यात. मोटारीला पाच इंच, पाण्याचा टँकर किंवा ट्रॅक्टर येत असेल तर सहा. दर तीन मीटरवर सांधा कापावा, जाडीच्या निदान चतुर्थांश खोल. भेग पडणारच असेल तर ती आपण सांगू तेथे पडावी, एवढ्यासाठी तो सांधा. घराची भिंत आणि कोबा यांमध्ये अर्ध्या इंचाची मोकळी पट्टी ठेवावी, म्हणजे दोघे आपापल्या परीने हलतील. सळईची जाळी घालावयाची तर ती वरच्या तिसऱ्या हिश्श्यात बसवावी. मातीवर अंथरलेली जाळी म्हणजे जमिनीत पुरलेले पैसे.

पाण्याचा प्रश्न वऱ्हाडात निराळाच आहे. दर्यापूर-भातकुलीपासून अकोल्याकडे आणि पुढे बुलढाण्यापर्यंत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. तेथली काळी अधिक फुगरी आणि विहिरीचे पाणी खारट. ते पाणी काँक्रीटात घालावे काय, असे लोक विचारतात. मानकाप्रमाणे लोखंड असलेल्या काँक्रीटला लिटरमागे क्लोराइड ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालते, बिनलोखंडीला २०००. तेव्हा पाणी आधी तपासून घ्यावे. जाळी घातली असेल तर मिसळण्यालाही आणि मारण्यालाही गोडे पाणीच वापरावे. आणि ५० किलोच्या पोत्याला ३० लिटरांहून अधिक पाणी घालू नये. पातळ माल पसरायला सोपा जातो, म्हणून बिगारी बादली वाढवितो. ते काम उक्ते दिलेले असते, जितके लवकर संपेल तितकी त्याची रोजी पडते. त्याला दोष देण्यापूर्वी उक्ते कोणी ठरविले, ते विचारावे.

हवा ४० अंशांच्या वर असताना काँक्रीट ओतणे हे वेगळे, जपून करावयाचे काम आहे, असे मानक सांगते. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. तेव्हा भर दुपारी ओतलेल्या मालाचा वरचा भाग आळण्यापूर्वीच सुकतो आणि त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. माणसाचे काय होते, ते सांगावयास नको. कोबा घालावयाचा तो कार्तिक ते माघ या काळात. तेव्हा काळी ना भिजलेली असते ना भेगाळलेली, ऊन सौम्य असते आणि माणूस उभा राहू शकतो. अडलेच तर रात्री घालावा, गिट्टी सावलीत भिजवून ठेवावी आणि लगेच ओले गोणपाट पसरावे.

मग येतात ते १४ दिवस. दुसऱ्या दिवशी मातीचे वाफे करून पाणी भरावे आणि ते सुकू देऊ नये. सात दिवसांखाली तर कधीच येऊ नये. आपल्याकडील सुक्या उष्ण हवेला आणि आज सर्रास मिळणाऱ्या मिश्र सिमेंटला १४ बरे. आम्ही आजवर असंख्य अंदाजपत्रके पाहिली. त्यांत सिमेंट असते, गिट्टी, रेती, मिक्सरचे भाडे, ओतण्याच्या दिवशीची मजुरी असते. पाणी मारणाऱ्याची १४ दिवसांची मजुरी आम्हांला क्वचितच दिसली. ते काम वॉचमनच्या बायकोने चहापाण्याच्या पैशांत करावे, असा संकेत आहे. काँक्रीटची ताकद ज्या दिवसांत वाढावयाची, ते दिवस आपण फुकटात उरकतो.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी काँक्रीटची सलग एक पट्टी घातली गेली आणि तिची गिनेस बुकात नोंद झाली. ७२० माणसे रात्रंदिवस खपली. त्या माणसांचा आम्हांला अभिमान आहे. पण विक्रम होता तो वरच्या थराचा. त्याखालचा भराव, खडीचे थर, मोऱ्या यांचे काम पाच दिवसांत झालेले नव्हते, आणि ते होईपर्यंत याच रस्त्यावर आपण सर्वांनी वर्षानुवर्षे धूळ खाल्ली आहे. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी गाडगेबाबांनी घाट बांधविला, त्याची आठवण येथे होते. खराटा सर्वांना ठाऊक आहे. चिखलाच्या काठावर पक्के काम करणारे बाबा आपण विसरतो.

आमच्या कचेरीपुढचा कोबा आम्ही मार्गशीर्षात फोडून पुन्हा घातला. दोन फूट मुरूम भरला, सांधे कापले. रेती कशाला, असे विचारणाऱ्या त्या बाईंना पाणी मारण्याच्या कामावर १४ दिवस पुऱ्या रोजीने ठेवले. हिशेबवहीत त्यांच्या नावासमोर वेगळी रक्कम आहे. तीन पावसाळे झाले. फाटकाजवळच्या सांध्यात केसाएवढी एक भेग आहे. परतताना कोणाला पाहावयाची असेल तर सोबत या. नळ्याही तेथेच न्यावयाच्या आहेत.