अपद्रव्याची मात्रा



शुद्धता हा गुण आणि भेसळ हा दोष, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आज मी ज्या पदार्थाविषयी बोलणार आहे, त्याची सारी उपयुक्तता मात्र मोजूनमापून केलेल्या भेसळीवर अवलंबून आहे. हा पदार्थ म्हणजे सिलिकॉन आणि जर्मेनियम यांची मिश्रधातू. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर-१ आणि व्हॉयेजर-२ ही दोन याने अवकाशात सोडली. सूर्यापासून फार दूर सूर्यप्रकाशावर वीज निर्माण करणे शक्य नसल्यामुळे प्रत्येक यानावर तीन तापविद्युत् जनित्रे बसविण्यात आली. त्यांतील प्लुटोनियम-२३८ च्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून उष्णता निर्माण होते आणि या मिश्रधातूचे लहान लहान तुकडे तिचे विजेत रूपांतर करतात. जनित्रात हलणारा असा एकही भाग नाही.

एखाद्या पदार्थाचे एक टोक तापविले आणि दुसरे थंड ठेवले, तर त्यातील विद्युत्‌भारवाहक कण थंड टोकाकडे सरकतात आणि दोन टोकांमध्ये विद्युत्‌दाब निर्माण होतो. या परिणामाचा शोध झेबेक यांनी १८२१ साली लावला. व्हॉयेजरच्या जनित्रांत उष्ण टोक आरंभी सुमारे १००० अंश सेल्सिअसवर, तर थंड टोक सुमारे ३०० अंशांवर होते. आता अडचण अशी की, हा फरक टिकण्यासाठी पदार्थातून उष्णता सहजी वाहता कामा नये. पण वीज मात्र सहज वाहिली पाहिजे. तांबे वीज उत्तम वाहून नेते, पण उष्णताही तितक्याच तत्परतेने नेते. काच उष्णता अडविते, पण वीजही अडविते.

या पेचातून वाट निघते ती वीज आणि उष्णता यांचे वाहक वेगवेगळे असल्यामुळे. सिलिकॉनमध्ये उष्णता मुख्यतः अणूंच्या कंपनलहरींवाटे जाते. हात धरून उभ्या असलेल्या मुलांच्या रांगेत एका टोकाला दिलेला हेलकावा दुसऱ्या टोकापर्यंत पोचतो. पण रांगेत मधूनमधून धिप्पाड पैलवान उभे केले, तर तो वाटेतच विस्कटतो. जर्मेनियमचा अणू सिलिकॉनच्या अणूच्या अडीच पटींहून अधिक जड असतो आणि तो नेमके हेच काम करतो. त्यामुळे मिश्रधातूची उष्णतावहनक्षमता शुद्ध सिलिकॉनच्या दशांशाहूनही कमी होते. इलेक्ट्रॉनांच्या वाटेतही थोडा अडथळा येतो, परंतु तो त्या मानाने सौम्य असतो.

पण वीज वाहण्यासाठी मुक्त वाहक हवेत आणि ते अपद्रव्यातून मिळतात. फॉस्फरसचा अणू एक जादा इलेक्ट्रॉन देतो. बोरॉनचा अणू एका इलेक्ट्रॉनाची उणीव, म्हणजेच धनभारित ‘छिद्र’, निर्माण करतो. प्रत्येक जनित्रात अशा दोन प्रकारच्या तुकड्यांच्या ३१२ जोड्या आहेत. दर काहीशे अणूंमागे अपद्रव्याचा एक अणू, एवढेच हे प्रमाण. आमटीतल्या मिठाप्रमाणे ते कमी पडूनही चालत नाही आणि अधिक होऊनही. कमी पडले तर विद्युत्‌रोध वाढतो. अधिक झाले तर झेबेक दाब घटतो आणि मुक्त इलेक्ट्रॉन स्वतःच उष्णता वाहून नेऊ लागतात. येथे एक लाभही ध्यानात घेतला पाहिजे. लांब कंपनलहरी जर्मेनियमला फारशी दाद देत नाहीत. त्यांना हे मुक्त इलेक्ट्रॉन काही प्रमाणात अडवितात.

एवढे सारे साधूनही या जनित्रांची कार्यक्षमता शेकडा सहा-साडेसहा एवढीच. उड्डाणाच्या वेळी प्रत्येक यानाला सुमारे ४७० वॅट वीज मिळत होती. प्लुटोनियम-२३८ चे अर्धायुष्य ८७.७ वर्षे आहे. केवळ त्याच्या ऱ्हासाचा हिशेब केला, तर २०२५ मध्ये सुमारे ३२० वॅट उरावयास हवी होती. प्रत्यक्षात ती याहून बरीच कमी भरते. उष्ण टोकाचे तापमान उतरल्याने कार्यक्षमता घटली, हे त्याचे एक कारण. आणि मिश्रधातूचे जोड वर्षानुवर्षे झिजत गेले, हे दुसरे. या झिजेतही अपद्रव्याचा वाटा असतो. मिश्रधातूत तिच्या मगदुराहून अधिक फॉस्फरस कोंबलेला असतो. दीर्घकाळ तापत राहिल्याने तो स्फटिकातील आपली जागा सोडून सूक्ष्म कणांच्या रूपाने वेगळा होतो. मग मुक्त इलेक्ट्रॉन कमी होतात आणि रोध वाढतो.

म्हणूनच वॅटावॅटाचा हिशेब करावा लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हॉयेजर-२ वरील प्लाझ्मा मोजणारे उपकरण आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हॉयेजर-१ वरील विश्वकिरणांचे उपकरण बंद करावे लागले. दोन्ही याने सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पोचलेली आहेत आणि तेथील मोजमापे करणारी अन्य साधने आपल्यापाशी नाहीत. अपद्रव्याची योग्य मात्रा शोधणे हे काम निम्मेच होय. ती मात्रा प्रखर उष्णतेत पन्नास वर्षे जागच्या जागी टिकविणे हे उरलेले निम्मे काम असून ते अधिक कठीण आहे.