एकांची माळ आणि अखंड संख्या



ज्या राष्ट्रकूट घराण्याने वेरूळचे कैलास लेणे घडविले, त्याच घराण्यातील अमोघवर्षाच्या राजवटीत, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ मध्ये तो हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. त्यातील गुणाकाराची काही उदाहरणे अशी योजिली आहेत की, उत्तर कंठहारासारखे दोन्ही टोकांकडून सारखेच दिसावे. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणिले असता १२३४५६५४३२१ येतात. हा १११११ नव्हे, तर सहा एकांच्या १११११‍१ या संख्येचा वर्ग होय. अकराशे वर्षांनंतर देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी अशाच वर्गांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले. नाव रेल्वे स्थानकाचे, पण संख्या मात्र राजाच्या गळ्यात शोभाव्यात अशा!

आचार्यांचे दुसरे उदाहरण १५२२०७ × ७३ = ११११११११. आठ एकांची ही माळ तुटते, कारण ८ ही संख्याच तुटते. चार-चार एकांचे दोन पदर केले की ती १११১ × १०००१ होते, आणि १०००१ म्हणजे ७३ × १३७. अर्थात माळ अखंड, म्हणजे मूळ संख्या, असावयाची तर एकांची गणतीही मूळ हवी. तेवढ्याने मात्र भागत नाही. १११ = ३ × ३७; पाच एक = ४१ × २७१; सात, अकरा, तेरा, सतरा एकांच्या माळाही तुटतात. ११ नंतरची पहिली अखंड माळ १९ एकांची :

१११११११११११११११११११

हे १९१८ मध्ये, संगणक नसताना, सिद्ध झाले. तिचा विभाजक शोधावयाचा तर सुमारे १०५ कोटींपर्यंत जावे लागते. तो ३८ ने भागिल्यास बाकी १ उरलीच पाहिजे, हा नियम लाविला तरी पावणेतीन कोटींहून अधिक संख्या तपासावयाच्या राहतात! १ ला या माळेने भागिले असता १८ शून्ये व एक ९ असा १९ अंकांचा गट पुनःपुन्हा येतो. आणि आवर्तन नेमके १९ अंकांचे असलेली दुसरी मूळ संख्याच नाही.

पुढची अखंड माळ २३ एकांची. महावीराचार्यांनी एकापासून महाक्षोभापर्यंत २४ स्थानांची नावे दिली आहेत. या दोन्ही माळा त्यांत सहज बसतात. त्यानंतर मात्र एकदम ३१७ आणि मग १०३१. ४९०८१ एकांची संख्या मूळ असल्याची सिद्धता २०२२ मध्ये मिळाली. अशा माळा संख्यात आहेत की अनंत, हे अद्याप कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.